पुन्हा पाटी-पेन्सिल : नागझिऱ्याहून आलेला प्रश्न

ग्रीकमधल्या ‘था ग्राफो’ (लिहीत राहीन) आणि ‘था ग्राप्सो’ (लिहीन) यांचं भांडण या आठवड्यात सोडवायचं ठरलं होतं. ते राहू द्या. ग्रीक क्रियापदं अडीच हजार वर्षं टिकली आहेत, आणखी आठवडाभर थांबतील. नागझिऱ्यात गाईडचं काम करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय, ते बाजूला ठेववत नाही. पस्तिशी उलटल्यावर नवी भाषा शिकून पर्यटकांना जंगल समजावताना काही उपयोग होईल का, आणि ती बोलता येईपर्यंत किती वर्षं घालवायची, असं ते विचारतात.

पण बोलायला कोण सांगतंय? दुभाष्यांच्या व्यवसायात भाषांची प्रतवारी असते. ‘अ’ म्हणजे मायबोलीसारखी. ‘ब’ म्हणजे जिच्यात बोलूनही काम करता येतं ती. ‘क’ म्हणजे जी नीट कळते, पण जिच्यात तोंड उघडायची जबाबदारी नसते ती. १९८१ साली ग्रीस युरोपीय समूहात आला आणि ग्रीक तिथली अधिकृत भाषा झाली. ‘क’ म्हणून ग्रीक जोडणारा दुभाषी अथेन्सच्या बाजारात भाव करताना अडखळला तरी बिघडत नाही. समोरचं भाषण ऐकून आपल्या भाषेत चोख सांगितलं की झालं. मोठेपणी शिकणाऱ्याला ही केवढी सवलत आहे, हे आमच्याकडचे क्लासवाले सांगतच नाहीत. पहिल्या दिवसापासून संभाषण!

पत्रलेखकांच्याच जंगलात वावरलेले मारुती चितमपल्ली आठवा. जन्म १९३२ चा, सोलापूरचा, मातृभाषा तेलुगू. कोईमतूरला वनशिक्षण घेऊन वनखात्यात आले आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट करत १९९० मध्ये निवृत्त झाले. संस्कृत ते जुन्या परंपरेतल्या शास्त्र्यांकडे बसून शिकले, पनवेल, नांदेड, पुणे अशा ठिकाणी. बदली म्हटली की सरकारी माणूस कपाळाला हात लावतो. यांनी बदलीच्या गावी गुरू शोधला. जर्मन आणि रशियनचाही अभ्यास केला.

संस्कृतात त्यांना हवे होते पशू, पक्षी, झाडं. हंसदेव या तेराव्या शतकातल्या जैन पंडिताचं ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं, ते १९९३ मध्ये छापून आलं. माझ्या हिशेबी हा ‘क’ भाषेचा अस्सल वापर. मात्र ज्या मराठीत त्यांनी ते आणलं, तीही त्यांची मायबोली नव्हती. दुभाष्यांचं कोष्टक इथे गडबडतं, आणि मला त्याचा आनंदच होतो.

दुसरी शाळा जंगलातलीच. नवेगावबांधचे माधवराव पाटील, गोंड, ढीवर अशा जाणत्यांकडून त्यांनी रानातली नावं टिपली. त्यांच्या २००२ च्या ‘पक्षिकोशा’मागे संस्कृत पोथ्यांइतकाच या मंडळींचा हात आहे.

तेव्हा पत्रलेखकांना माझा सल्ला: फ्रेंच-जर्मनची घाई नको, परदेशी पाहुणे बहुधा इंग्रजीवर भागवतात. घरी गोंडी बोलत नसतील, तर आधी गोंडी जोडा, तीही ‘क’ म्हणून. वनमजुरांबरोबर फिरताना नुसती ऐका, रोज एखादं झाड किंवा पाखरू विचारा आणि देवनागरीत उतरवून ठेवा. गोंडीची स्वतःची लिपीही आहे. तुमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती १९१८ साली घडवली. मोठ्या वयात नवी लिपी डोळ्यांत कशी बसते, यावर मला बरंच लिहायचं आहे. ते पुढच्या आठवड्यात. क्रियापदं बहुधा त्याच्याही पुढे.