जुहूच्या किनाऱ्यावर वाढीव खोली

थोरल्या मुलाचे लग्न ठरले, की गच्चीवर एक खोली चढविण्याची गोष्ट घरात निघते. जमीन स्वतःची, भिंती स्वतःच्या, पैसाही स्वतःचाच; मग यात सरकारचा संबंध काय, असे वडीलधाऱ्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घर जुहूच्या वाळूलगत असल्यास त्या खोलीचा निकाल केवळ जागेवरून लागत नाही. तो बराचसा एका तारखेवरून लागतो, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

समुद्रकिनारे मोकळे राखावे, असे इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस लिहिले होते. त्या सूचनेस कायद्याचे बळ १९ फेब्रुवारी १९९१ रोजी मिळाले. उधाणाचे पाणी जेथवर चढते, त्या भरतीरेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरांचा पट्टा त्या दिवशी किनारा नियमांखाली आला. जुहूसारखी आधीच वसलेली शहरी वस्ती या पट्ट्याच्या दुसऱ्या वर्गात मोडते. तेथे बांधकामास सरसकट मनाई नाही. ते अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडील बाजूस मात्र असले पाहिजे. समुद्राच्या दिशेने एक पाऊलही पुढे सरकता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. इमारतीच्या सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्रफळ भूखंडाच्या किती पट असावे, हे प्रमाण म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. उपनगरात तो मूळचा एक होता. म्हणजे ५०० चौरस मीटरांच्या भूखंडावर ४६० चौरस मीटरांचा बंगला उभा असेल, तर चाळीसच उरले. पट्ट्याबाहेरील शेजारी पुढे हस्तांतरणीय विकासहक्क, ज्यास व्यवहारात टीडीआर म्हणतात, विकत घेऊन मजले चढवू शकला. पट्ट्यातील मालकास मात्र १९ फेब्रुवारी १९९१ रोजी जे नियम चालू होते तेच लागू राहिले. मुंबईची नवी विकास नियमावली त्याच वर्षी २५ मार्चला, म्हणजे अवघ्या पाच आठवड्यांनी आली. तिचा लाभ किनाऱ्यावरील घरास मिळाला नाही. त्या दिवशीचे नियम म्हणजे १९६७ सालचेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ठरविले. एकाच गल्लीतील दोन घरांत असा भेद पडावा, हे मालकास अन्यायाचे वाटले तर नवल नाही. तथापि किनाऱ्यावरील गर्दी वाढू न देणे हाच नियमाचा हेतू असल्याने, तारीख गोठविण्यावाचून दुसरा सोपा उपायही नव्हता.

१८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ही तारीख पुढे सरकविली. आता त्या दिवशीचा निर्देशांक प्रमाण मानला जातो. मुंबईत हा बदल लागू होण्यास २०२१ साली किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर व्हावा लागला. सबब आज जुहूच्या मालकास पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. मात्र तो परवानगी घेऊन बांधणाऱ्यास आहे.

आधी बांधावे व मागाहून नियमित करून घ्यावे, ही मुंबईची जुनी खोड. ती किती महाग पडते, हे जुहूतच दिसले. तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्या ‘अधीश’ बंगल्याचे वाढीव बांधकाम नियमित करण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली. निर्देशांक व किनारा नियम या दोहोंचा भंग झाल्याचे सांगून न्यायालयाने ते बांधकाम पाडण्याचा आदेश दिला आणि दहा लाख रुपये खर्चही बसविला. सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हात घातला नाही.

म्हणून वास्तुशिल्पज्ञ प्रथम विटांचा हिशेब मागत नाही. मंजूर नकाशा मागतो. जुहूत तो प्रत्येक कपाटात सापडेलच असे नाही, कारण मुंबई महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत पोहोचली ती १९५० साली. १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे निवासी बांधकाम असल्याचा पुरावा दिल्यास महापालिका ते ‘सहन’ करते, म्हणजे पाडीत नाही. पण सहन केलेले घर व मंजूर घर यांत अंतर आहे, आणि गच्चीवरील खोलीचा अर्ज नेमका तेथेच अडतो.