विश्लेषण : बाहेरच्या भिंतीचा रंग दोन पावसाळ्यांत का उखडतो? खारपाण पट्ट्यात रंग निवडायचा कसा?

पावसाळा सरला की अकोट शहर आणि तालुक्यात घरे रंगवण्याची लगबग सुरू होते. दसरा-दिवाळीला भिंती लखलखीत दिसतात. मात्र वर्ष-दोन वर्षांत अनेक घरांच्या बाहेरील बाजूला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी दिसू लागते, फुगे येतात आणि रंगाच्या खपल्या गळतात. वरचा रंग मात्र शाबूत असतो. मग दोष रंगाच्या कंपनीवर किंवा पेंटरवर जातो आणि पुढच्या वेळी आणखी महागडा डबा आणला जातो. तोही तसाच उखडतो. असे का होते आणि खर्च वाया जाऊ नये यासाठी काय पाहावे, याविषयी…

खारपाण पट्ट्याचा भिंतीशी संबंध काय?

अकोट तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी गोड पाण्यावर संत्री आणि केळीच्या बागा उभ्या आहेत. दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या दिशेने जावे तसे भूजल खारे होत जाते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाण पट्टा. राज्य सरकारने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाण गावांचा समावेश केला होता, यावरून त्याचा विस्तार लक्षात येतो.

शेतीसाठी अडचणीचे ठरणारे हेच पाणी बांधकामातही वापरले जाते. बोअरच्या पाण्यात सिमेंट कालवले जाते, त्याच पाण्याने प्लास्टर भिजवले जाते. विटांच्या मातीत आणि वाळूतही क्षार असू शकतात. शिवाय जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतील ओल भिंतीत वर चढते. ती सोबत क्षार घेऊन येते. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. वाढणारे स्फटिक रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात. याला आपण लोणा लागणे किंवा खार फुटणे म्हणतो.

म्हणजे महाग वॉटरप्रूफ रंग लावला की प्रश्न सुटेल?

खार फुटलेल्या भागावर तो उलट वाढू शकतो. जाड, रबरासारखा ताणला जाणारा वॉटरप्रूफ थर बाहेरचे पाणी चांगले अडवतो; पण आतील ओलीलाही बाहेर पडू देत नाही. अडकलेली ओल आणखी वर चढते, दोन फुटांवरची रेघ चार फुटांवर जाते. पावसाचा मार झेलणारी वरची भिंत आणि जमिनीतून ओल ओढणारा खालचा पट्टा यांच्या गरजा वेगळ्या आहेत. एकाच डब्याने दोन्ही रंगवण्याची सवय इथे महागात पडते.

रंग घेण्याआधी भिंत कशी तपासावी?

तीन साध्या चाचण्या घरीच करता येतात. पहिली, भिंतीवर कोरडा तळहात घासावा. हाताला भुकटी लागली तर जुना रंग पिठाळला आहे; तो खरवडून प्रायमर लावल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. दुसरी, दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा. एका दिवसाने आतून बाष्प दिसले तर भिंत अजून ओली आहे. तिसरी, भेगा पाहाव्यात. वऱ्हाडातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोते हलून भिंतींना तडे जातात. केसासारखी भेग रंगाने झाकली जाते. नखाचे टोक आत जाईल एवढी भेग आधी भरावी लागते. दरवर्षी रुंदावणारी तिरपी भेग मात्र पेंटरला नव्हे, अभियंत्याला दाखवावी.

बाहेरच्या भिंतीसाठी कोणते पर्याय आहेत?

चुना : सर्वांत स्वस्त. भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, पण दर एक-दोन वर्षांनी हात मारावा लागतो. जुन्या पांढऱ्या मातीच्या घरांना आजही हाच योग्य. मातीच्या भिंतीवर प्लास्टिकसारखा पापुद्रा टिकत नाही.

सिमेंट पेंट : पावडर पाण्यात कालवून लावतात. भिंत आधी ओली करावी लागते आणि रंगानंतर काही दिवस पाणी मारावे लागते. ते केले नाही तर रंग हाताला लागतो. यातूनही भिंत बऱ्यापैकी श्वास घेते.

एक्स्टीरियर अ‍ॅक्रिलिक इमल्शन : स्लॅबच्या घरांसाठी सध्या सर्वाधिक वापरला जाणारा रंग. ऊन, पाऊस आणि बुरशी सहन करण्याची क्षमता दर्जानुसार वाढते. कोरड्या, सुदृढ भिंतीसाठी चांगला.

ताणला जाणारा वॉटरप्रूफ रंग : पावसाचा थेट मार बसणारी भिंत, छज्जा आणि गच्चीचा कठडा यांसाठी उपयुक्त. भिंत पूर्ण कोरडी असणे ही अट.

डिस्टेंपर आणि आतील भिंतींचे इमल्शन बाहेर वापरू नये. पीओपी किंवा जिप्समची पुट्टी बाहेर लावल्यास पहिल्याच पावसात फुगते.

खार फुटलेल्या खालच्या पट्ट्याचे काय करावे?

आधी ओलीचे कारण शोधावे. भिंतीला टेकून घातलेला मातीचा भराव, लगतची झाडांची आळी, गळका नळ, अंगणातून भिंतीकडे येणारा उतार ही नेहमीची कारणे. त्यानंतर भुकटी कोरड्या ब्रशनेच झाडावी. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात. पोकळ झालेले प्लास्टर रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून गोड पाण्यात कालवलेल्या मालाने पुन्हा करावे.

या पट्ट्याला पुट्टी टाळून चुना किंवा सिमेंट पेंटसारखा ओल बाहेर सोडणारा रंग द्यावा. जोत्यापासून तीन फुटांचा वेगळ्या छटेचा पट्टा ठेवला तर तो शोभतोही आणि दोन वर्षांनी तेवढाच भाग पुन्हा रंगवता येतो.

पाणी कोणते वापरावे?

बांधकामाच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस ४५६ मध्ये मर्यादा आहेत. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. बोअरचे पाणी तपासून घेतल्यास पुढचा खर्च वाचतो. इमल्शन पातळ करण्यासाठीही नळाला येणारे वान धरणाचे पाणी वापरावे. खाऱ्या पाण्याने रंगातच क्षार मिसळतात. किती पाणी घालायचे हे डब्यावर लिहिलेले असते. त्याहून जास्त घातले की भिंत झाकली जाते, पण पापुद्रा कच्चा राहतो.

छटा निवडताना उन्हाचा विचार का करावा?

अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गडद भिंत जास्त तापते, जास्त प्रसरण पावते आणि घरही तापवते. भडक गुलाबी, जांभळा, तेजस्वी लाल या छटा उन्हात लवकर विटतात. गेरू, पिवळी माती, विटकरी, राखाडी या लोहयुक्त रंगद्रव्यांच्या छटा अधिक टिकतात. निदान पश्चिमेकडील भिंतीला फिकट रंग द्यावा. घर थंड ठेवायचे असेल तर खर्चाचा पहिला मान गच्चीचा. पांढरा, उष्णता परावर्तित करणारा थर तिथे सर्वाधिक काम करतो. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरण आणले.

फाटक, ग्रिल आणि टिनाचे काय?

लोखंडाचा गंज पूर्ण घासून, रेड ऑक्साइड प्रायमर देऊन मगच ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. नव्या चकचकीत जस्ताच्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट धरत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर मागावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहावा. त्याआधीचा जुना ऑइल पेंट घासताना पृष्ठभाग ओला ठेवावा, तोंडाला फडके बांधावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. त्या धुळीत शिसे असू शकते.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

एक लिटर एक्स्टीरियर इमल्शनमध्ये दोन हातांसह साधारण ५० ते ६० चौरस फूट भिंत होते. म्हणजे १,००० चौरस फुटांसाठी १७ ते २० लिटर. खडबडीत भिंत जास्त रंग पिते. स्वस्त रंग असो वा महाग, पेंटरची मजुरी आणि पायटाचा खर्च तोच राहतो. त्यामुळे डब्याच्या किमतीची तुलना करण्याऐवजी एकूण खर्च भागिले रंग टिकण्याची वर्षे असा हिशेब करावा. ठेकेदाराशी बोलताना खरवडणे, भेगा भरणे आणि प्रायमर हे तिन्ही कामांच्या यादीत स्वतंत्र लिहून घ्यावे. घाई झाली की सर्वप्रथम हेच गाळले जाते.

रंगवायचे कधी?

नवे प्लास्टर किमान २८ दिवस मुरू द्यावे. मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रंग लागताच सुकतो आणि नीट धरत नाही. पावसाळ्यात भिंत ओली असते. पाऊस लांबला तर दिवाळीच्या तोंडावरही ती पूर्ण वाळलेली नसते. घाईने रंगवण्यापेक्षा प्लास्टिकची चाचणी करून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम काढावे. ऊन सरकेल तशी भिंत निवडावी : सकाळी पश्चिमेची, दुपारनंतर पूर्वेची.