दुव्यांची दृश्य ओळख

दुव्यांची दृश्य ओळख म्हणजे संकेतस्थळावरील मजकुरात कोणता शब्द दुवा आहे, हे नुसत्या नजरेने कळावे अशी त्याची मांडणी. अल्पदृष्टी असलेल्या वाचकांच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे. अंध वाचकाला पडदावाचक प्रणाली दुवा आल्याचे बोलून सांगते. अल्पदृष्टीचा वाचक मात्र बहुधा डोळ्यांनीच वाचतो. परीक्षेच्या अर्जाचा दुवा त्याला भोवतीच्या मजकुरातून वेगळा दिसला नाही, तर तो अर्ज त्याच्यापुरता नसल्यासारखाच.

भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, शक्य ते उपचार व चष्मा यांनंतरही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० या टप्प्यात असणे, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी ते १० अंशांपर्यंत आक्रसलेले असणे, म्हणजे अल्पदृष्टी.

रंगाची मर्यादा

निळा रंग आणि खाली रेघ हा दुव्याचा संकेत १९९० च्या दशकाच्या आरंभी, मोझॅकसारख्या ब्राउझरांच्या काळात रूढ झाला. पुढे रेघ ओबडधोबड वाटू लागली. अनेकांनी ती काढून केवळ रंग ठेवला. येथेच घोटाळा होतो. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे काँट्रास्ट गुणोत्तर २१:१ असते. शुद्ध निळ्याचे पांढऱ्याशी ते सुमारे ८.६:१, म्हणजे वाचायला उत्तम. पण शेजारच्या काळ्या अक्षरांशी जेमतेम २.४:१. शब्द वाचता येतो, पण तो दुवा आहे हे कळत नाही. वयोमानाने नेत्रभिंग पिवळसर झाले की निळा रंग आणखी काळपट भासतो. वस्तुतः दुव्याची ओळख रेघच सांभाळत होती.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार (आवृत्ती २.०, २००८) कोणतीही माहिती केवळ रंगाने सूचित करू नये. रेघ नसेल, तर दुव्याचे भोवतीच्या मजकुराशी किमान ३:१ गुणोत्तर असावे आणि माउसचा दर्शक किंवा कळफलकाचा रोख दुव्यावर आल्यावर आणखी एखादी खूण दिसावी, हा मान्य पर्याय आहे. नेहमीच्या आकाराच्या मजकुराचे पार्श्वभूमीशी गुणोत्तर ४.५:१ हवे, ही अट वेगळी. पांढऱ्या पानावर काळा मजकूर असेल, तर दुव्याच्या रंगाची पांढऱ्याशी व काळ्याशी असलेली गुणोत्तरे एकमेकांना गुणली की २१ च येतात. म्हणून पांढऱ्याशी ४.५ ते ७ एवढ्याच अरुंद पट्ट्यातला रंग दोन्ही अटी पाळतो. शिवाय भ्रमणध्वनीच्या स्पर्शपडद्यावर माउस नसतो आणि पडदा अनेक पटींनी मोठा करून वाचणाऱ्याला पानाचा लहानसा तुकडाच दिसतो. दर्शक नेल्यावर उमटणारी खूण त्याने शोधावी तरी कुठे? रेघ राखणे हाच सोपा उपाय ठरतो.

देवनागरीतील अधोरेखन

रोमन लिपीत थोडीच अक्षरे ओळीखाली उतरतात. देवनागरीत उकार, ऋकार आणि हलन्ताची खूण खालीच येतात. अक्षरांना चिकटलेली रेघ त्यांना छेदते, आणि ब्राउझरने तेथे ती तोडली तर तुकड्यांची दिसते. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक सुदृढ नजरेलाही मग ताणून पाहावा लागतो. त्यामुळे मराठी पानांवर रेघ थोडी खाली सरकवणे इष्ट. सीएसएसमध्ये त्यासाठी ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ हा गुणधर्म आहे. ओळींमधील अंतरही त्या मानाने वाढवावे, अन्यथा रेघ पुढच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडते. प्रश्नपत्रिकेत अधोरेखित शब्दाकडे लक्ष वेधण्याची आपली जुनी सवय मात्र संकेतस्थळावर टाळावी. तेथे जोर देण्यासाठी ठळक अक्षरे वापरावीत आणि रेघ दुव्यांसाठी राखून ठेवावी.