अ‍ॅक्युपंक्चरसाठी पहिल्यांदा जाताना



किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षे उलटून गेली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली, त्यांतली तेव्हा तिशीत असलेली मंडळी आज साठीच्या पुढे आहेत. कोणाचा तेव्हा मोडलेला पाय थंडीत ठणकतो, तर कोणाला कंबर धरल्याशिवाय उठता येत नाही. तिकडे किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात जन्मभर डोक्यावर सरपण आणि पाणी वाहिलेल्या आदिवासी मायबहिणींच्या मानेची आणि गुडघ्यांची हीच गत आहे.

अशी माणसे गोळ्या खाऊन कंटाळली की कोणीतरी सांगते, "एकदा सुया टोचून बघा की." मग प्रश्न पडतात. दुखेल का? गुण येईल का? सुरू असलेल्या गोळ्या बंद करायच्या का? आपल्यातले अनेक जण अशा रुग्णांना भाडे देतात, सोबतही जातात. म्हणून या अंकात या उपचाराची माहिती देत आहोत.

हा उपचार आपल्याकडे कसा आला

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनमधली फार जुनी पद्धत. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक युद्धग्रस्त चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच त्यांचे निधन झाले. याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ साली ते त्यांनी कोलकात्यात आणले. सेवेसाठी गेलेल्या माणसांच्या हातून हा उपचार आपल्या देशात रुजला.

महाराष्ट्राने २०१५ साली या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानुसार उपचार करणाऱ्याने राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करायची असते. २०१९ साली केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली.

तिथे नेमके काय करतात

आधी विचारपूस होते. दुखणे कधीपासून आहे, झोप कशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारतात. मग रुग्णाला झोपवून किंवा बसवून ठरावीक जागी सुया टोचतात. ही सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळ बारीक, जवळजवळ केसासारखी असते. ती पोकळ नसते, तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. मग त्या जागी जडपणा येतो, मुंग्या येतात किंवा थोडे ओढल्यासारखे होते. झोंबणारी किंवा सणकन जाणारी कळ आली तर सहन करत बसू नये, लगेच सांगावे.

सुया साधारण २० ते ३० मिनिटे ठेवतात. एका बैठकीने दुखणे जाईल अशी आशा धरू नये. जुन्या दुखण्याला बहुधा आठवड्याला एक-दोन अशा ६ ते १० बैठका लागतात. तेवढ्या बैठकांनंतरही काहीच फरक नसेल तर पैसे आणि वेळ घालवत राहण्यात अर्थ नाही.

जाताना रिकाम्या पोटी जाऊ नये, भाकरीचा तुकडा तरी खाऊन जावे. उपाशी माणसाला चक्कर येण्याची शक्यता जास्त असते. गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत सहज वर घेता येतील असे सैल कपडे घालावेत. उपचार झाल्यावर थोडा वेळ बसून मगच निघावे.

गुण किती येतो

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट करून एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्राप्रमाणे सुया टोचल्या, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला औषधे आणि व्यायाम असा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात १०० पैकी सुमारे ४८ जणांना चांगला आराम होता, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात २७ जणांना.

यातून दोन गोष्टी कळतात. जुनाट कंबरदुखीत या उपचाराने बऱ्याच जणांना खरोखर आराम पडतो. गुडघेदुखी, मानदुखी आणि वारंवार होणारी डोकेदुखी यांतही असाच अनुभव आहे. रोज दुखीची गोळी खाऊन पोटात व्रण होणाऱ्या किंवा मूत्रपिंड बिघडणाऱ्या माणसासाठी हा आराम मोलाचा आहे. दुसरी गोष्ट अशी की सुई नेमकी कुठे टोचली याने फरक थोडाच पडतो. त्यामुळे "माझ्याकडे गुप्त बिंदू आहेत, मी कोणताही आजार बरा करतो" असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. झिजलेला गुडघा सुईने पुन्हा नवा होत नाही. दुखणे कमी होते, म्हणजे चालता येते, व्यायाम करता येतो.

आधी काय सांगावे

गर्भवती बाईने ते पहिल्यांदाच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त लवकर थांबत नसेल, किंवा हृदयात पेसमेकर असेल तर सांगावे, कारण काही ठिकाणी सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडतात. साखरेचा आजार असून पाय बधिर असतील तर पायावर सुया टोचून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सिकलसेलचे कार्ड असेल तर ते दाखवावे. आदिवासी भागात हे विसरून चालत नाही. सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय, छाती किंवा पोट अचानक जोरात दुखू लागले तर त्याला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे.

सुई काढल्यावर रक्ताचा थेंब येणे किंवा त्या जागी काळेनिळे होणे हे साधे आहे. छातीवर किंवा पाठीवर सुया टोचल्यानंतर धाप लागली, छातीत दुखू लागले, तर ते साधे नाही. क्वचित सुई खोल जाऊन फुप्फुसाला इजा होते. लगेच दवाखाना गाठावा.

सुई नवी आहे ना

प्रत्येक रुग्णाला नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई हवी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. वापरलेली सुई पुन्हा वापरली तर कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतात. त्या सुया न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात, हेही पाहावे. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजल्या तर एखादी अंगात राहून जात नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र कुठे आहे, असे विचारायला लाजू नये. चांगला उपचारक या प्रश्नांनी रागावत नाही.

कोणत्या वेळी सुया नकोत, दवाखाना हवा

या लेखातले काही विसरले तरी चालेल, हे मात्र लक्षात ठेवा.

तोंड अचानक वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन करावा. लकव्यात पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात. ते सुया, तेल, झाडपाला यांत गेले तर परत मिळत नाहीत. छातीत दाबल्यासारखे दुखले तरी हेच करावे.

कंबर किंवा पाठ कित्येक आठवडे दुखते आहे, संध्याकाळी कणकण येते, वजन घटते आहे, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. सुयांनी दुखणे थोडे दबते आणि तेवढ्यात आजार मणका खात जातो. पुढे पाय लुळे पडू शकतात. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

रक्तदाब, साखर, फिट्स, क्षय यांची औषधे कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. सुया या औषधांच्या जोडीला घ्यायच्या, त्यांच्या जागी नाही.

विश्वासाचा प्रश्न

मंडळीतले काही जण विचारतात, हा उपचार आपण घ्यावा का? जुन्या चिनी ग्रंथांत शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती वाहते असे सांगितले आहे. आजचे डॉक्टर हाच परिणाम मज्जातंतू आणि मेंदूत तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये यांवरून समजावतात. सुया टोचून घेण्यासाठी रुग्णाला कोणतीही श्रद्धा स्वीकारावी लागत नाही. कोणी मंत्र म्हणायला किंवा गंडा बांधायला सांगितला तर तो या उपचाराचा भाग नव्हे, नम्रपणे नाही म्हणावे.

आपण काय करू शकतो

आपल्या ओळखीचे कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर जाण्याआधी त्यांना एकदा सरकारी दवाखान्यात तपासून घेऊ द्या. चालू औषधांची यादी कागदावर लिहून द्या, कारण अनेक आजी-आजोबांना गोळीचे नाव सांगता येत नाही, रंगच आठवतो. शक्य असेल तर पहिल्या दिवशी सोबत जा. पाकीट फोडताना पाहायला आणि प्रश्न विचारायला घाबरलेल्या माणसाच्या शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. आपण दिलेल्या भाड्याच्या पैशांइतकेच आपले तिथे बसणेही त्यांच्या उपयोगी पडते.

आजाऱ्यांना प्रार्थनेत आठवत राहा, आणि वेळ आली की त्यांच्या सोबत बसमध्येही बसा.