नस मेली की चटका कळत नाही

भाकरी उलटताना बोटाला तवा लागला की हात झटकन मागे येतो. त्याला मागे ओढते ती नस. ज्या बाईच्या हाताची नस मेली, तिच्या बोटाला फोड येतो तरी तिला पत्ता नसतो. कुष्ठरोगात बोटे झडतात, असे साखरखेर्ड्यापासून मुंबईपर्यंत सगळेच म्हणतात. खरे तर ती आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला जखमा होत राहतात, त्या चिघळतात आणि हाड झिजत जाते.

या नसांसाठी आयुष्य वेचलेले एक डॉक्टर म्हणजे नोशीर अंतिया. जन्म १९२२चा, हुबळीचा. विलायतेत प्लास्टिक सर्जरी शिकून आले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी तो विभाग उभा केला. श्रीमंतांची नाके सरळ करण्यात पैसा होता. यांनी कुष्ठरोग्यांचे वाकडे हात धरले. शिवण्याची भीती माणसाचे काय करते, हे आपल्या वस्तीला कुणी सांगायला नको!

या रोगाच्या जंतूला थंड जागा मानवते, म्हणून तो कातडीजवळच्या नसांत शिरतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी व शेजारचे बोट आखडते. गुडघ्याखालची गेली की पाऊल लोंबते, चप्पल निसटते. चेहऱ्याची गेली की पापणी मिटत नाही. उघडा डोळा धुळीने निकामी होतो. चेहऱ्याच्या नसेवर अंतिया व डॉ. दराब दस्तूर यांचे संशोधन १९६६ साली प्रसिद्ध झाले. अशा रोग्याच्या कानशिलाच्या स्नायूची पट्टी पापणीत ओवतात. मग दात आवळले की डोळा मिटतो!

१९७५ साली त्यांनी फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. डॉ. वनजा शेट्टी यांच्यासोबत संपादित केलेला नसांवरचा त्यांचा ग्रंथ १९९७ साली निघाला. २००७ साली ते गेले.

बहुविध औषधोपचार १९८२ पासून आहे. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. जंतू मरतात, पण पुरती मेलेली नस सहसा परत येत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. आणि वेळ जाते ती लपवण्यात. नवरा टाकील या धास्तीने बाई चट्टा पदराखाली झाकते. हिंदू विवाह कायदा आपल्या लग्नांनाही लागू आहे, आणि त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९च्या दुरुस्तीने ते काढून टाकले आहे.

आयाबहिणींनो, अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, त्यावर पिसाचा स्पर्शही कळत नसेल, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.