चढलो किती? मोबाईल म्हणतो…

ट्रेकहून रविवारी रात्री हॉस्टेलवर परतलं की मेसच्या रांगेत एक वाद ठरलेला. एकाचा मोबाईल म्हणतो ९०० मीटर चढलो, दुसऱ्याचा म्हणतो १३००. वाट एकच, चहाचे थांबेही तेच! मग खोटं कोण बोलतंय? थोडं थोडं दोघंही.

जीपीएस उंचीच्या बाबतीत मुळातच कच्चं. आडव्या जागेसाठी चारी दिशांचे उपग्रह एकमेकांच्या चुका सावरतात. उभ्या दिशेला मात्र सगळे उपग्रह डोक्यावरच. पायाखालचे पृथ्वीच्या आड. त्यामुळे उंचीतली चूक साधारण दीड-दोन पट. (जीपीएस उंची मोजतं ती समुद्रसपाटीपासून नव्हे, पृथ्वीच्या गणिती आकारापासून. पण हा फरक एका ट्रेकपुरता जवळपास सारखाच, म्हणून वजाबाकीत उडतो. त्याला उगाच शिव्या नकोत.)

खरी मेख बेरजेत आहे. लागोपाठच्या दोन उंचींची वजाबाकी करायची. धन आली तर धरायची, ऋण आली तर सोडायची. सरासरी काढताना वरखाली चुका एकमेकींना मारतात. इथे खालच्या चुका फेकल्या जातात आणि वरच्या तेवढ्या साठत जातात. तुम्ही गुहेत बसून पिठलं-भाकरी खाताय आणि मोबाईल दर सेकंदाला लिहितोय: १००, १०३, १०१, १०४, १००. चार सेकंदांत ६ मीटर चढ, बसल्या जागी!

यावर उपाय म्हणजे उंबरठा. सलग १० मीटर चढ झाल्याशिवाय मोजायचंच नाही. पण मग डोंगरधारेवरचे छोटे उतार-चढ गायब होतात. उंबरठा २ ठेवा की १०, उत्तर बदलणारच, आणि तो किती ठेवायचा हे सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. म्हणजे ‘खरा’ आकडा असा काही नसतोच.

काही सॉफ्टवेअर जीपीएसची उंची टाकून नकाशातली घेतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांत रडारने बरीचशी पृथ्वी मोजली, ती उंची यासाठी खूप वापरतात. तिची चौकट साधारण ३० मीटरची. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर ३० मीटरमध्ये काय होतं ते सांगायला नको! तुम्ही काठाकाठाने सपाटीवर चालता, सॉफ्टवेअर तुम्हाला दरीत उतरवून परत चढवतं.

काही घड्याळांत वायुदाबमापक असतो. १ मिलिबार दाब घटला की साधारण ८-९ मीटर चढ. हा त्यातल्या त्यात भरवशाचा. पण आपल्या पट्ट्यात सकाळी दहा ते दुपारी चार हवेचा दाब रोजच सुमारे ३ मिलिबार उतरतो. म्हणजे न हलता पंचवीसेक मीटर!

हे सगळं मेसमधल्या बढाईपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण पुढची बॅच हाच आकडा पाहून वेळ ठरवते. नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा आजही वापरतात: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. ४०० मीटरचा घोळ म्हणजे ४० मिनिटं. डिसेंबरात सहा वाजता सूर्य मावळत असताना ही ४० मिनिटं कातळटप्प्यावर काढायची की पायथ्याच्या गावात?

म्हणून कुणी आकडा सांगितला तर कोणत्या सॉफ्टवेअरचा ते विचारा, आणि आपला आधीचा एखादा ट्रेक त्याच सॉफ्टवेअरमध्ये घालून ताडून पाहा. नाहीतर सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमध्ये टोपोशीट मिळते का बघा. १:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. वाटेत चढताना ओलांडलेल्या मोजा, २० ने गुणा. पेन्सिल पुरते.