पडदा नवा, बॉक्स जुना : हाय डेफिनिशन चित्रासाठी रिसीव्हर निवडताना

पाडव्याच्या मुहूर्तावर घरात 43 इंची नवा दूरचित्रवाणी संच येतो. संचाला हळदकुंकू वाहिले जाते, तो भिंतीवर चढतो, जुन्याच सेट-टॉप बॉक्सची वायर त्यास जोडली जाते आणि सारे कुटुंब समोर बसते. चित्र मात्र पुसट दिसते. माणसांचे चेहरे दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखे रुंद होतात. आजोबा शांतपणे म्हणतात, ‘‘यापेक्षा जुना टीव्ही बरा होता.’’ सातारा-सांगलीकडील व्यापारी घरांत असा प्रसंग नवा नाही. दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो बहुधा गच्चीवरील छत्री आणि संच यांच्यामधल्या लहानशा बॉक्सचा किंवा त्याच्या वायरीचा असतो.

उपग्रहावरून थेट घरात चित्र आणणारी सेवा आपल्या देशात 2003 मध्ये डिश टीव्हीने सुरू झाली. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आली. तीच आजची डीडी फ्री डिश. 2006 मध्ये टाटा स्काय आली. 2022 पासून तिचे नाव टाटा प्ले झाले. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनने हाय डेफिनिशन प्रक्षेपण सुरू केले. त्याआधी घेतलेले बॉक्स प्रायः साध्या चित्राचे होते. ते टिकाऊ निघाले, म्हणून अनेक घरांत अद्याप चालू आहेत. आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

चित्राची प्रत आडव्या ओळींवर मोजली जाते. साध्या चित्रात 576 ओळी असतात. हाय डेफिनिशनमध्ये 720 किंवा 1080 ओळी असतात. ‘1080 आय’ या प्रकारात एक आड एक ओळी पाठविल्या जातात, तर ‘1080 पी’ मध्ये संपूर्ण चित्र एकाच वेळी येते. आपल्याकडील हाय डेफिनिशन वाहिन्या मुख्यतः ‘1080 आय’ मध्ये येतात. जुन्या चित्राची रुंदी-उंची 4:3, तर नव्या पडद्याची 16:9 असते. जुना चित्रपट नव्या पडद्यावर ताणून भरला की चेहरे रुंद होतात. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ प्रमाण राखले, की बाजूला काळ्या पट्ट्या दिसतील. पण माणसे माणसांसारखी दिसतील. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

दुसरी तपासणी वायरीची. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन पिनांच्या वायरीतून हाय डेफिनिशन चित्र येऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय वायर लागते. चांगला बॉक्स आणूनही तो जुन्या वायरीने जोडला, तर जादा दिलेले पैसे वाया गेले असे समजावे. वायर बदलल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘1080 आय’ निवडले आहे ना, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट चित्र आवळण्याच्या पद्धतीची. पूर्वी एमपेग-2 ही पद्धत होती. एमपेग-4 तेवढेच चांगले चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून हाय डेफिनिशनसाठी तीच वापरली जाते. जुना एमपेग-2 बॉक्स अशा वाहिन्या उघडत नाही. फ्री डिशवरही दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या आहेत. त्यामुळे मासिक भाडे नको म्हणून फ्री डिश घेणाऱ्यानेही बॉक्स एमपेग-4 चा आहे, ही खात्री करूनच पैसे द्यावेत.

आता प्रश्न गरजेचा. पडदा किती मोठा आणि बसण्याची जागा किती दूर, यावर लाभ ठरतो. डोळ्याच्या क्षमतेचा हिशेब मांडला, तर 32 इंची पडद्यासमोर सुमारे 8 फुटांपलीकडे आणि 43 इंची पडद्यासमोर सुमारे साडेदहा फुटांपलीकडे बसल्यास साध्या व हाय डेफिनिशन चित्रातील फरक ओळखणे अवघड जाते. वाड्याच्या लांबलचक माजघरात जे उपयोगी नाही, ते विश्रामबागेतील फ्लॅटच्या बैठकीत उपयोगी ठरू शकते. शिवाय घरात काय पाहिले जाते, हेही विचारात घ्यावे. क्रिकेट आणि चित्रपट यांत फरक ठळक जाणवतो. वाहिनीच साध्या चित्राची असेल, तर उत्तम बॉक्सही तिला हाय डेफिनिशन करू शकत नाही. घरातील वडीलधारे दिवसभर प्रवचनेच ऐकत असतील, तर ती वाहिनी कोणत्या चित्राची आहे, हे आधी पाहावे.

स्थानिक परिस्थितीचाही विचार हवा. सातारा शहराच्या दक्षिणेस अजिंक्यतारा उभा आहे. त्यामुळे पायथ्याशी राहणाऱ्यांना डोंगर आड येईल अशी शंका येते. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच आहे. 83 अंश पूर्वेवरील उपग्रह त्याहूनही उंच आहेत. त्यामुळे डोंगरापेक्षा शेजारची उंच इमारत किंवा वाढलेले झाड अधिक अडथळा करते. पावसाळ्यात मात्र जोराच्या सरीत चित्र तुटते. या लहरींना पाण्याचे थेंब शोषून घेतात. चातुर्मासात सकाळच्या प्रवचनाला नेमका हा खंड पडतो. महागडा बॉक्स घेऊन तो टळत नाही. छत्रीची दिशा अचूक असणे, तिचे बोल्ट घट्ट असणे आणि जोडांत पाणी न शिरणे, हेच त्यावरील उपाय. सांगलीत कृष्णेचे पाणी शिरणाऱ्या भागात बॉक्स व वीजजोडणी वरच्या मजल्यावर ठेवणे शहाणपणाचे; 2019 च्या महापुराने तो धडा दिला आहे.

शेवटी हिशेब. बॉक्सची किंमत एकदाच द्यावी लागते, मासिक भाडे सतत. 2019 च्या दरपद्धतीत 100 वाहिन्यांसाठी 130 रुपये अधिक कर असे जोडणी-शुल्क ठरले आणि एक हाय डेफिनिशन वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली गेली. पुढे नियम बदलत गेले, पण तत्त्व तेच राहिले : स्पष्ट चित्राला जादा दाम. समजा, महिन्याला 80 रुपये अधिक पडले, तर पाच वर्षांत 4,800 रुपये होतात. बॉक्सवर मिळालेली 300 रुपयांची सूट या रकमेपुढे किरकोळ आहे. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेत चालत नाही. म्हणून कंपनी बदलताना जुना बॉक्स निरुपयोगी होतो, हेही खर्चात धरावे. बॉक्स आपल्या मालकीचा की भाड्याचा, दुरुस्ती कोणाकडे आणि घरी येण्याचे शुल्क किती, हे पावतीवर लिहून घ्यावे.

दुकानात माल घेताना आपण वजन, प्रत आणि भाव तिन्ही पाहतो. घरासाठी बॉक्स घेताना तीच सवय कामी यावी. प्रथम सेटिंग तपासावे, मग वायर, मग वाहिनी आणि सर्वांत शेवटी नवा बॉक्स. अनेक घरांत आजोबांची तक्रार पहिल्या दोन पायऱ्यांतच मिटते, आणि पाकिटातील पैसे पाकिटातच राहतात.